कानांनी निवडलेलं कार्ड

माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाला मी आधी तीन प्रश्न विचारते. कोणता गेम खेळणार, पडदा केवढा, आणि पडद्यापासून किती लांब बसणार. उत्तरं मिळाल्याशिवाय मी एका स्क्रूलाही हात लावत नाही. ताई म्हणते, "अगं, गिऱ्हाईक आहे ते, आरोपी नाही." ताई माझी थोरली बहीण. काउंटर ती सांभाळते, कारण माझ्या नाकावर राग आणि जिभेला हाड नाही. मी आतल्या खोलीत बसून कॉम्प्युटर जोडते. गेम खेळणाऱ्यांचे, एकेक भाग निवडून केलेले, भारीतले. एकवीस वर्षं झाली. आणि एकवीस वर्षांत माझ्या मशीनचा आवाज येतो असं म्हणायची कुणाची टाप झाली नाही. दुकानाच्या खाली लॉन्ड्री आहे, तिची धुलाईयंत्रं दिवसभर घुमतात, म्हणून आवाजाची तपासणी मी फक्त सोमवारी करते. सोमवारी लॉन्ड्री बंद असते.

तर एका मंगळवारी दोघं आली. एक भरघोस मिशांचा माणूस आणि त्याच्या कोपराला धरून एक पंचविशीची मुलगी. "मी हिचा मामा," मिशा बोलल्या. "बस चालवतो. ही शाळेत गणित शिकवते. हिला कॉम्प्युटर पाहिजे गेम खेळायला. एकदम वरचा. कसर नको."

मी माझे तीन प्रश्न विचारले.

"मारामारीचा गेम," मुलगी म्हणाली. "दोघंच असतात, समोरासमोर. पडदा नको. आणि पडदाच नाही म्हटल्यावर लांब किती बसणार, ते तुम्हीच सांगा."

"पडदा नको? मग खेळणार कशी, माझं डोंबल?"

"कानांनी," ती म्हणाली.

काउंटरवरून ताई खोकली. तेव्हा कुठे मला मुलीच्या हातातली घडी केलेली पांढरी काठी दिसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, लाज वाटली ती पाचच मिनिटं. नंतर जी वाटली ती नुसती उत्सुकता. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "बस इथे, मास्तरीणबाई. आणि मला नीट समजावून सांग."

तिने सांगितलं. गेममधल्या प्रत्येक गड्याच्या पावलांचा आवाज वेगळा असतो. बुक्की मारायच्या आधी तो श्वास कसा घेतो, लाथेच्या आधी कपडा कसा सळसळतो, सगळं वेगळं. डाव्या कानात आला तर डावीकडे, उजव्या कानात आला तर उजवीकडे. दहा वर्षांची असल्यापासून ती हे खेळतेय, आधी मामाशी आणि मग जगाशी.

"मला तर ती पाणी पाजते," मामा म्हणाला, "तेही चहा पिता पिता."

"मग घोडं कुठे अडलंय?"

घोडं असं अडलं होतं. दरवर्षी एक मोठी स्पर्धा होते, घरबसल्या खेळायची, सगळ्यांना खुली. गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीत तिचा जुना कॉम्प्युटर ऐन लढतीत अडखळला आणि ती हरली. वर स्पर्धावाल्यांचं गोड पत्र आलं, की पुढल्या वर्षीपासून तुमच्यासारख्या खेळाडूंसाठी आम्ही वेगळा गट ठेवतो आहोत. हिने भांडून एक संधी मिळवली होती. या वर्षी खुल्या गटात तिसऱ्या फेरीपर्यंत पोचली तर वेगळ्या गटाचा विषय कायमचा बंद. नाही पोचली, तर नाव तिकडे.

"मशीन अडखळलं म्हणून सांगितलं तर म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "पण मावशी, अंगण खरोखरच वाकडं असलं तर माणसाने काय करायचं? मला सरळ अंगण हवंय. मग हरले तर माझी मी हरेन."

स्पर्धेला पंचवीस दिवस होते. मी म्हटलं, "होईल." तिने मला मावशी म्हटलं ते मला आवडलं होतं, पण ते मी दाखवलं नाही.

भाग निवडायला बसलो तर मामा मध्ये. त्याला मशीनला बाहेरून काचेचं कपाट हवं होतं, आत रंगीत दिवे हवे होते. "मामा, ती बघणार नाही," मी म्हटलं.

"मी बघणार ना! आणि पडदाही पाहिजे. मारामारी चालू असताना मी काय भिंतीकडे बघू?"

भाचीने हसून मान डोलावली, म्हणजे पडदा आणि दिवे मामाच्या खात्यात गेले. ताईला मी डोळ्यांनी दटावलं, कारण ती पडत्या फळाची आज्ञा समजून दिव्यांचा सगळा डबाच उघडून बसली होती.

मग मास्तरीणबाईंनीच प्रश्न काढला. "मला दिसत नाही, तर मला भारी ग्राफिक्स कार्ड कशाला? ते चित्रंच काढतं ना?" प्रश्न वाजवी होता आणि मला त्याचं उत्तर द्यायला फार आवडलं. हा गेम सेकंदाला साठ चित्रं काढतो. त्याची सगळी मोजदाद त्या चित्रांवर चालते, बुक्की किती चित्रांनी पोचणार, बचाव किती चित्रं टिकणार. कार्ड दमलं आणि साठची पन्नास झाली की खेळच मंदावतो, आणि तिच्या कानांचा हिशेब चुकतो. तेव्हा चित्रं कुणी पाहो न पाहो, ती वेळेवर निघाली पाहिजेत.

"म्हणजे तासाची घंटा," ती म्हणाली. "शाळेत कुणी ऐको न ऐको, वेळेवर झाली पाहिजे."

मी मनातल्या मनात म्हटलं, ही पोरगी माझी.

आणि तिथेच माझी चूक झाली. मी ठरवलं, हिला असं मशीन देते की माशीचा आवाज येईल पण मशीनचा नाही. तिचे हेडफोन उघड्या धाटणीचे होते. कान बंद झाले की आवाज डोक्यात कोंडतो, डावं-उजवं नीट कळत नाही, म्हणून ती तसलेच वापरायची. म्हणजे खोलीतला आवाज तिच्या कानात येणारच. मी गोदामातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात ताकदवान कार्ड घेतलं, कारण ताकदवान कार्ड दमत नाही, आणि दमत नाही त्याचा पंखा ओरडत नाही. ताटाएवढे पंखे बसवले, सावकाश फिरणारे. कपाटाला आतून जाड अस्तर लावलं. सोमवारी लॉन्ड्री बंद असताना मी त्या मशीनला कान लावून बसले. काही म्हणता काही ऐकू येईना. ताईला बोलावलं, तिलाही येईना. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

दुसऱ्या सोमवारी मामा-भाची मशीन न्यायला आली. मी गेम लावून दिला. ती खुर्चीत बसली, हेडफोन चढवले, आणि दोन मिनिटांत काढले.

"मावशी, हे शिट्टी मारतंय."

"काय मारतंय?"

"शिट्टी. बारीक. डासासारखी. लढत सुरू झाली की सुरू होते."

मी भडकले. उचलली जीभ लावली टाळ्याला! "मास्तरीणबाई, एकवीस वर्षांत माझ्या मशीनने तोंड उघडलेलं नाही. तुझ्या कानात घुमत असेल काही."

ती रागावली नाही. शिक्षिका ती, माझ्यासारख्या हट्टी पोरांची तिला सवय असणार. म्हणाली, "परीक्षा घ्या माझी." मी घेतली. हेडफोन काढून ठेवले, गेमचा आवाज पूर्ण बंद केला. कधी लढत सुरू करायची, कधी थांबवायची, ते मी न बोलता करायचं. तिने बोट वर करायचं आणि खाली घ्यायचं. मी मुद्दाम लबाडी केली, दोनदा नुसतीच कळ दाबल्यासारखं केलं. तिचं बोट हललं नाही. खरी लढत सुरू केली की मात्र क्षणात वर. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. अकराव्या वेळी मामा म्हणाला, "शिट्टी तर मलाही ऐकू येत नाही मॅडम, पण माझ्या कानाशी तीस वर्षं इंजिन आहे."

 माझ्या कानांशी एकवीस वर्षं पंखे होते. तो बारीक आवाज मला ऐकूच येत नव्हता. कधीपासून येत नव्हता कोण जाणे. किती मशीनं मी अशीच कान लावून 'गप्प आहे' म्हणून दिली असतील? वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ताईने माझ्यापुढे चहा ठेवला.

कारण नंतर कळलं, म्हणजे कळायला मला तासभर लागला. ताकदवान कार्डात तारांची वेटोळी असतात, त्यांतून जोराची वीज गेली की ती थरथरतात आणि बारीक आवाज करतात. एरवी तो पंख्यांच्या घुंईत बुडून जातो. मी पंखे इतके गप्प केले की खालची शिट्टी उघडी पडली. अति तिथे माती! साधं मशीन जोडणाऱ्याच्या हातून ही चूक झालीच नसती. आवाजाच्या मागे लागलेल्या आणि कान गेलेल्या बाईच्याच हातून ती व्हायची.

घाऊक विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, आवाज म्हणजे बिघाड नव्हे, बदलून मिळणार नाही. मी त्याला काय बोलले ते ताई सांगू देत नाही. स्पर्धेला बारा दिवस राहिले होते. मुलीला म्हटलं, "मी दुसरी सोय बघते. तोवर हेच घेऊन जा, सराव तर होईल."

चार दिवसांनी ती एकटीच आली. जिना चढून, काठी टेकत, तोंड एवढंसं करून.

"हरतेस?" मी विचारलं.

"नाही. सगळे जिंकतेय. चाळीस सामने, एकही हरले नाही."

"मग सुतकी चेहरा कशाला?"

"ती शिट्टी बदलते, मावशी." ती स्टूल चाचपून बसली. "समोरचा मोठा वार करायला निघाला की पडद्यावर बराच लखलखाट होतो, असं मामा सांगतो. त्याचा आवाज मला मागाहून येतो. पण शिट्टी आधीच चढते. पहिले दोन दिवस माझ्या लक्षात आलं नाही, हात आपोआप बचाव करत होते. मला वाटलं, मी किती सुधारले!"

माझं कुतूहल लगेच जागं झालं, दुःख-बिःख बाजूला. मशीन तिने आणलं नव्हतं, तर आम्ही तिच्या घरी गेलो. ताई पडद्यासमोर बसली, लखलखाट दिसला की टेबलावर थाप. मुलगी शिट्टी चढली की थाप. मुलीची थाप दर वेळी आधी. ताई म्हणाली, माझे हात म्हातारे झालेत. मग मामा बसला, बस चालवणारा माणूस, त्याचा ब्रेकवरचा पाय अजून तरबेज. तरी मुलगीच आधी. मी विचार केला तेव्हा त्यात नवल नव्हतं. चित्र पडद्यावर यायच्या आधी कार्डात तयार होतं. कार्ड जोर लावतं तेव्हा शिट्टी चढते, आणि चित्र पडद्यापर्यंत पोचेपर्यंत डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ जातो. पण त्या खेळात तेवढाही पुष्कळ.

"मग ठेव की!" मी म्हटलं. "देवाने दिलंय म्हण. बाकीचे डोळ्यांनी बघतात, तू कार्डाच्या पोटातलं ऐक. कुठल्या नियमात लिहिलंय की शिट्टी ऐकू नये?"

"कुठेच नाही. मी वाचलेत नियम."

"मग?"

"मावशी, इतरांना जे मुळीच कळू शकत नाही ते मला मशीनमधून कळत असेल, तर मला वेगळ्या गटात टाकतात ते बरोबरच झालं ना?"

मामा म्हणाला, "अगं, पण हरलीस तर?"  त्या पत्रानंतर ती आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती, हे त्याने मला आधीच सांगितलं होतं. मलाही तिने जिंकावं असंच वाटत होतं, अगदी लबाडीने जिंकली तरी. मी तसं बोलूनही दाखवलं. ती नुसती मान हलवत राहिली. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असली जात. माझ्याच जातीची.

"कार्ड बदला," ती म्हणाली. "शिट्टी न मारणारं कुठलंही द्या."

कुठलंही द्या म्हणणं सोपं. मला ऐकू येत नाही तर मी निवडू कशी? डब्यावर ताकद लिहिलेली असते, शिट्टी लिहिलेली नसते. दोन कार्डं एकाच कारखान्यातली, एकाच दिवशी बनलेली, तरी एक शिट्टी मारतं आणि एक मारत नाही. तेव्हा मी तिला घेऊन थेट घाऊकवाल्याच्या गोदामात गेले. फोनवर जे बोलले होते त्याबद्दल माफी मागितली, जन्मात पहिल्यांदा. माफी ऐकून तो इतका चकित झाला की त्याने मागची खोली उघडून दिली.

तिथे आम्ही नुसत्या लाकडी फळीवर मशीन मांडलं, आणि मी एकेक कार्ड लावत गेले. ती डोळे मिटून बसायची. डोळे का मिटतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "सगळे ऐकताना मिटतात म्हणून मीही शिकले." पहिलं कार्ड शिट्टी. दुसरं, "हे तर किंचाळतंय." तिसऱ्याला तिने नाक मुरडलं. घाऊकवाला आधी दारातून टेहळत होता, मग आत आला, मग स्वतःच डबे आणून द्यायला लागला. त्यालाही काही ऐकू येत नव्हतं, पण ती काय म्हणते ते ऐकायचा त्याला नाद लागला. सातवं लावलं. ती बराच वेळ काहीच बोलेना.

"झोपलीस का गं?"

"लावलंय का?" ती म्हणाली. "सुरू आहे?"

सुरू होतं. लढत चालू होती, साठच्या साठ चित्रं निघत होती. कार्ड लहानसं, एका पंख्याचं, आणि त्याचा रंग असा की कुणी फुकट दिलं तरी काचेच्या कपाटात ठेवणार नाही. या गेमला ते काठोकाठ पुरत होतं, त्याहून जास्त नाही. मामाने संध्याकाळी ते पाहिलं आणि त्याच्या मिशाच पडल्या. "एवढंसं? आणि एवढ्या दिव्यांत हे?"

"मूर्ती लहान पण कीर्ती महान," ताई म्हणाली.

"कीर्ती अजून व्हायचीय," मामा म्हणाला.

स्पर्धा शनिवारी दुपारी होती. मशीन रुसलं तर जवळ असावं म्हणून आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. खिडक्या लावल्या, फ्रीजचं बटण बंद केलं, मामाला बोलायची बंदी. पहिली फेरी ती जिंकली. दुसऱ्या फेरीतला गडी जबर होता. एकेक लढत जिंकून दोघं बरोबरीत, शेवटच्या लढतीत तिची ताकद नखाएवढी उरलेली. त्याने मोठा वार काढला. मी पडद्यावर लखलखाट पाहिला. तिच्याकडे आता शिट्टी नव्हती. तिला तो वार कळला तो त्याच्या आवाजावरून, अगदी शेवटच्या क्षणी. ती खाली वाकली, वार डोक्यावरून गेला, आणि तिने खालून जो ठोसा हाणला त्याने तो आडवा झाला. मामाने बंदी मोडली. मी ताईला मिठी मारली, जे आम्ही लहानपणीसुद्धा करत नव्हतो.

तिसरी फेरी सुरूच होईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग पंचांचा फोन आला, चेहरा दिसणारा. चष्म्याचे गृहस्थ होते, गंभीर. हरलेल्या खेळाडूने तक्रार केली होती. न बघता असं खेळणं शक्यच नाही, हिच्या मशीनमध्ये काहीतरी आहे, जे हिला आधीच कळवतं. पंच म्हणाले, मशीन उघडून दाखवा, आणि ते जोडणाऱ्याला बोलवा.

"मीच जोडलंय," मी म्हटलं. मी काच काढली, एकेक भाग त्यांना दाखवला. सगळ्यांत शेवटी ते एका पंख्याचं कार्ड.

"यातून खेळाडूला इतरांपेक्षा जास्त काही कळू शकतं का? विचार करून सांगा."

मला विचार करायची गरज पडली नाही. आठवड्यापूर्वी हाच प्रश्न आला असता तर मी खोटं बोलले असते, नाहीतर तिला माझ्या हाताने बुडवलं असतं. "नाही," मी म्हटलं. "शिट्टी मारणारं एक कार्ड होतं, त्यातून कळत होतं. ते तिने स्वतः काढायला लावलं. आता हे मशीन मुकं आहे. हवं तर तुमचा माणूस पाठवून तपासा."

पंचांनी सगळं लिहून घेतलं, दोन-चार प्रश्न विचारले, मग म्हणाले की तक्रार फेटाळली आहे, खेळाडू तिसऱ्या फेरीत आहे, दोन मिनिटांत सुरू करतो.

मामा मात्र पेटला होता. "नालायक! पोरीवर आळ घेतो! त्याचं नाव काय, पत्ता काय?"

"मामा, गप्प बस," ती म्हणाली. तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती. "गेल्या वर्षी मला हरवणाऱ्याने फुलांचं चित्र पाठवलं होतं. मी हरले म्हणून फुलं! सगळ्यांनी लिहिलं, किती छान प्रयत्न. आणि हा चिडलाय, मामा. माझ्यावर चिडलाय. मी त्याला हरवलं म्हणून त्याने माझी तक्रार केली!"

तिने डोळे पुसले, हेडफोन चढवले, आणि आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.